नुसती नर्स असते तिथं

आमच्या भागात कोणालाही आरोग्य उपकेंद्राबद्दल विचारा, ठरलेलं उत्तर मिळतं. "तिथं काय, नुसती नर्स असते." डॉक्टर नाही म्हणजे दवाखाना नाही, असा सरळ हिशेब. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी आहे, लोकांच्या भाषेत गोळ्या देणारा. लसींचा साठा माझ्याकडे असतो, त्यामुळे आमच्या केंद्राखालच्या सगळ्या उपकेंद्रांच्या आरोग्य सेविकांशी, म्हणजे लोक ज्यांना नर्स किंवा सिस्टर म्हणतात त्यांच्याशी, माझा रोजचा संबंध. इतकी वर्षं त्यांचं काम जवळून बघून माझं मत पक्कं झालंय. खेड्यापाड्यात सार्वजनिक आरोग्य म्हणून जे काही चालतं, ते या बायकांच्या डोक्यात असलेल्या माहितीवर चालतं. आणि आपण त्यांच्याकडून आकडे तेवढे मागतो, मत कधीच विचारत नाही.

डॉक्टरकडे आजारी माणूस आपल्या पायांनी येतो. आरोग्य सेविकेचं काम ज्यांच्याशी असतं ते घरी बसलेले असतात, आणि बहुतेकांना काहीच झालेलं नसतं. हसत्याखेळत्या बाळाला टोचायचं, ते रात्रभर तापानं किरकिरणार, सासू बोटं मोडणार, आणि महिन्यानं पुन्हा त्याच दारात जाऊन "पुढचा डोस राहिलाय हं" म्हणायचं. तिचं काम नीट झालं तर दिसतच नाही. जे बाळ आजारीच पडलं नाही, त्याचे पेढे कोण वाटणार?

सरकारी निकषाप्रमाणे सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि डोंगराळ-आदिवासी भागात ३,०००. राज्यात अशी साडेदहा हजारांहून जास्त उपकेंद्रं आहेत. याची मुळं सरकारी आरोग्यसेवा कशी असावी हे सुचवणाऱ्या १९४६ च्या भोर समितीच्या अहवालापर्यंत जातात. पूर्वी देवीची लस देणारा वेगळा, मलेरियावाला वेगळा, कुटुंब नियोजनवाली वेगळी अशी व्यवस्था होती. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीनं सुचवलं की एकेका रोगाचा एकेक कर्मचारी ठेवण्यापेक्षा बहुउद्देशीय कर्मचारी असावेत. कल्पना चांगलीच होती. फक्त ते उद्देश किती असावेत, यावर मर्यादा घालायची राहून गेली. आज गरोदर मातांची नोंदणी, लसीकरण, तांबी, क्षयरोगाचे संशयित, कुष्ठरोगाचा सर्व्हे, तिशीपुढच्यांचं बीपी-शुगर, शाळेतल्या मुलींच्या लोहाच्या गोळ्या, सगळं एकाच बाईच्या पर्समध्ये. आरोग्य सेवकाची जागा रिकामी असेल तर पाण्याचे नमुनेही तिनंच आणायचे.

आता लसीकरणाच्या दिवसाची सकाळ सांगतो, कारण ती फार कमी लोकांनी बघितलेली असते. डीप फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक लगेच लस नेण्याच्या थंड पेटीत, म्हणजे कॅरियरमध्ये, घालायचे नसतात. टेबलावर ठेवायचे, वरचं बर्फ सुटून थेंब येईपर्यंत थांबायचं. मग एकेक पॅक कानाशी धरून हलवायचा आणि आत पाणी वाजतंय का ते ऐकायचं. वाजलं तरच भरायचा. घाई केली तर पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीची, बाटली त्याला चिकटून गोठते, आणि पेंटा गोठली की वाया गेली. पंचाईत अशी की वितळल्यावर ती वरवर पाहता चांगलीच दिसते. बाळाला टोचली जाते, कार्डावर तारीख पडते, सगळ्यांचं समाधान होतं आणि बाळाला संरक्षण मात्र मिळत नाही. आमच्याकडे एक ज्येष्ठ सिस्टर आहेत. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत असतो आणि त्या शांतपणे पॅक कानाशी धरून मला सांगतात, "भाऊ, हा अजून बोलत नाही." तो बोलेपर्यंत त्या हलत नाहीत. ही गोष्ट कुठल्याच रिपोर्टात येत नाही, कारण तिला रकानाच नाही.

गेल्या गळीत हंगामात त्याच म्हणाल्या, "भाऊ, गोवरच्या व्हायल जास्त द्या." मी यादी बघितली. यादीत एवढी बाळंच नव्हती. गोवर-रुबेलाची बाटली एकदा पाणी घालून विरघळवली की चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची, म्हणून आम्ही साठेवाले जरा चिकट असतो. पण त्यांनी आदल्या दिवशी येता-येता कॅनॉलच्या पलीकडच्या रानात नव्या कोप्या, म्हणजे झोपड्या, बघितल्या होत्या. ऊसतोडीची टोळी उतरली होती. म्हणजे पाच वर्षांखालची पोरं असणारच, आणि त्यांतल्या निम्म्यांचे डोस दोन जिल्ह्यांच्या मधे कुठंतरी हरवलेले असणार.

त्या दिवशी लस संपवून परत जाताना मीही त्यांच्याबरोबर गेलो. कार्ड विचारलं की प्रत्येक आईचं एकच उत्तर, "गावाकडं राहिलं." मग सुरू झाली उलटतपासणी. डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लशीचा, व्रण आहे का, मांडीत किती वेळा टोचलं, शेवटचं टोचलं तेव्हा हा बसत होता की रांगत होता? जन्मतारीख माहीत नाही, तर पोळ्याच्या आधी झाला की नंतर? अशा प्रश्नांतून त्यांनी एकेका पोराचा हिशेब लावला. डॉक्टरी शिक्षणात हे शिकवत असतील तर मला माहिती नाही, पण याला निदान म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि तिथंच त्यांची नजर एका बाईच्या पायांकडे गेली. आठवा महिना, पाय सुजलेले, आणि बाई मोळ्या बांधत होती. "डोकं दुखतं का गं? डोळ्यापुढं अंधारी येते का?" बीपी घेतलं तर बरंच वर. लगेच रुग्णवाहिकेसाठी १०२ ला फोन. टोळीचा मुकादम आडवा आला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेतलेली असते, बाई गेली तर खाडा पडणार. सिस्टर त्याला रक्तदाब वगैरे समजावत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "हिला झटके येऊन ही आडवी झाली तर तुझी उचल कोण फेडणार? नवरा काय एकटा तोडत बसेल?" मुकादम बाजूला झाला. बाई ग्रामीण रुग्णालयात गेली, तिथून पुढं जिल्ह्याला. आई आणि बाळ दोघंही वाचले.

आता गंमत बघा. ती बाई दुसऱ्या जिल्ह्यातली, म्हणजे आमच्या उपकेंद्राच्या उद्दिष्टात नाही. पुढच्या आढावा बैठकीत तिचा विषय निघाला नाही. सिस्टरांना प्रश्न विचारला गेला तो हा, की तुमच्या ऑनलाइन एंट्र्या पेंडिंग का आहेत.

मी एंट्र्यांच्या विरोधात नाही. आकडे नकोत असं म्हणणारा माणूस साठा सांभाळू शकत नाही. पण माता-बालकांच्या नोंदींचं आरसीएच रजिस्टर हातानं भरा, तेच अनमोल ॲपवर भरा, लस यू-विन पोर्टलवर, क्षयरोग निक्षय पोर्टलवर, बीपी-शुगर आणखी तिसऱ्याच पोर्टलवर, आणि शिवाय महिनाअखेरीला एचएमआयएसचा अहवाल. नेटवर्क नसलं की रात्री घरी बसून. हे सगळं वर जातं आणि वरून फक्त टक्केवारी खाली येते, लाल-हिरव्या रंगात. तुमचा तालुका लाल का, एवढंच. त्या लाल रंगामागचं कारण जिला माहिती आहे ती समोरच्या खुर्चीत बसलेली असते, आणि तिला कोणी विचारत नाही.

दरवर्षी १२ मे, म्हणजे परिचारिका दिन, आला की फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा फोटो, मेणबत्त्या, शपथ, गुलाबाचं फूल. दिव्याची गोष्ट सगळ्यांना पाठ. पण त्या बाई पक्क्या आकडेवाल्या होत्या. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं त्यांना सदस्य करून घेतलं, त्या तिथल्या पहिल्या महिला सदस्य. भारतात कधी आल्या नाहीत, तरी इथल्या पाण्यावर, गटारांवर, दुष्काळावर वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या. स्वतः आकडे गोळा केले, स्वतः त्यांचा अर्थ लावला आणि राज्यकर्त्यांच्या गळी उतरवला. आपण त्यांच्या नावानं शपथ घ्यायला लावतो आणि नर्सला डाटा एंट्री करायला बसवतो.

यश मिळालंच नाही असं कोणी म्हणू नये. २०१८-२० च्या नमुना नोंदणी अहवालात देशाचं माता मृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ९७ होतं, महाराष्ट्राचं ३३. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या जवळपास ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात झालेल्या दिसतात. त्याच पाहणीत पूर्ण लसीकरण झालेली बालकं मात्र चारांत तिघांच्या आसपासच. ते राहिलेलं चौथं मूल कुठल्या तरी कोपीत, वीटभट्टीवर, पुलाखाली, नाहीतर झोपडपट्टीच्या टोकाच्या गल्लीत असतं. कोविडच्या काळात नेहमीचं लसीकरण विस्कळीत झालं आणि २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला, मुलं दगावली. मग नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायची मोहीम निघाली आणि घरोघर फिरल्या त्या पुन्हा याच बायका. रोग पसरल्यावर मोहिमेला पैसा मिळतो. तो पसरू नये म्हणून जी कायम फिरत असते तिच्या पेट्रोलचा भत्ता मात्र थकतो.

सगळ्या सिस्टर अशाच असतात का? नाही. तालुक्याच्या गावी राहून अकराला कुलूप उघडणाऱ्या आहेत. ज्यांच्या रजिस्टरात सगळ्या गरोदर बायकांचं बीपी ११०/७० असतं, अशाही बघितल्यात. एवढ्या बायकांचं बीपी सारखं कसं, हे विचारायला हवं आणि विचारल्यावर कारवाईही हवी, त्यात माझी दयामाया नाही. खोटं बीपी लिहिणं म्हणजे झटक्यांना दार उघडं ठेवणं. पण मुख्यालयी राहत नाहीत म्हणून ओरडणाऱ्यांनी एकदा ती निवासस्थानं जाऊन बघावीत. स्लॅब गळतो, दाराला कडी नाही, गावाबाहेर अर्धा किलोमीटर, रात्री लाइट नाही. आपल्या मुलीला तिथं एकटी ठेवाल का?

आणि ती टिकली तर ना. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि कंत्राटी भरती वाढत गेली. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग नवी ऑर्डर. नियमित सिस्टरच्या शेजारच्या खुर्चीवर, तेच काम, पगार कितीतरी कमी. दहा वर्षं झालेल्यांना सामावून घ्यायचा निर्णय राज्यानं मार्च २०२४ मध्ये घेतला, आणि तो अंमलात यावा म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा संप करावा लागला. संपामुळे गैरसोय झाली म्हणून लोक चिडले. चिडणारच. पण कुठल्या वाडीतली कुठली सून माहेरी गेलीय, कोणाचं आधीचं बाळंतपण अडलं होतं, कोणत्या घरात सासऱ्याला समजावलं की काम होतं, हे कळायला चार-पाच वर्षं जातात. अशा बाईला दर अकरा महिन्यांनी टांगणीला लावणं यात बचत कसली?

माझ्यासारख्या गोळ्यावाल्याला कोणी विचारत नाही, तरी सांगतो. एंट्री करायला प्रत्येक केंद्रावर वेगळा माणूस द्या आणि सिस्टरला तिचा दिवस परत द्या. तालुक्याच्या बैठकीत टक्केवारी दाखवायच्या आधी प्रत्येकीला पाच मिनिटं बोलू द्या: या महिन्यात तुला काय वेगळं दिसलं? स्थलांतरित माता आणि बालकं जिथं सापडतील तिथल्याच सिस्टरच्या कामात धरा. आणि जिल्ह्याचा आरोग्याचा आराखडा बनतो त्या खोलीत उपकेंद्रात वीस वर्षं काढलेली एखादी आरोग्य सहायिका बसवा, चहा द्यायला नव्हे.

हे वरचं झालं. गावातलं काम गावातच होण्यासारखं आहे. आमच्याखालच्या एका उपकेंद्रात प्रसूतीचं टेबल आहे, बेसिन आहे, वर टाकी आहे, पण नळजोड नाही. ग्रामपंचायतीची पाइपलाइन दारावरून जाते. गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी तिथल्या सिस्टर घरून पाण्याचे कॅन स्कूटीवर पायाशी ठेवून आणतात. अर्ज मीच लिहून दिला, जोडणीचं अंदाजपत्रक सोबत लावलं, पोचही घेतली. सरपंच "बघू" म्हणालेत. ते माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत आणि माझ्या पोस्ट वाचतात, म्हणून इथंच सांगून ठेवतो: अण्णा, सोमवारी प्लंबरला घेऊन येतोय. ग्रामसेवकांना थांबायला सांगा.