कायद्यात नाव हवं, व्याख्येची घाई नको

ऑक्टोबर २०२३मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि गाझाचं युद्ध पेटलं, त्यानंतर अमेरिकेतल्या शाळांमध्ये ज्यू मुलांना टोमणे मारले जातात, भिंतींवर नाझी चिन्हं रंगवली जातात, अशा तक्रारी फार वाढल्या. त्यावर आमच्या कॅलिफोर्नियाने केलेला ‘एबी ७१५’ हा कायदा जानेवारी २०२६पासून लागू झाला. सरकारी शाळांसाठी राज्याचं नागरी हक्क कार्यालय आणि तिथे ज्यूद्वेष रोखण्यासाठी खास समन्वयक. सोबतच्या कायद्याने वंश, धर्म, लिंगभाव यांसाठीही समन्वयक दिले.

शिक्षक संघटनेने विरोध केला. पॅलेस्टाईनचा विषय वर्गात काढायचीच धास्ती बसेल, असं तिचं म्हणणं. ही भीती मी झटकून टाकणार नाही. ‘आयएचआरए’ या होलोकॉस्टच्या स्मृती जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची ज्यूद्वेषाची एक व्याख्या आहे; तिच्या उदाहरणांत इस्रायलवरची काही टीकाही येते. शिक्षणसंस्थांतल्या ज्यूद्वेषाच्या तक्रारी या व्याख्येवर तपासायचं विधेयक मे २०२४मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने ३२० विरुद्ध ९१ मतांनी मंजूर केलं, सिनेटमध्ये ते अडकलं. त्या व्याख्येचा मसुदा लिहिणारे केनेथ स्टर्न हेच ती विद्यापीठांवर लादायच्या विरोधात आहेत. इस्रायल सरकारवरची टीका आणि वर्गातल्या ज्यू मुलीचा छळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला शिक्षा हवी, पहिलीला मोकळीक. म्हणून मला समन्वयक हवा, ती व्याख्या नको.

पण ‘एकाच समाजाचं नाव कशाला?’ हा आक्षेप मला मान्य नाही. २०२३मध्ये कॅलिफोर्नियात जातीभेदाविरुद्धचं ‘एसबी ४०३’ हे विधेयक आलं तेव्हा इथल्या कितीतरी भारतीयांनी तो घेतला. आहेत ते कायदे पुरेसे आहेत, असं सांगून गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. दोन वर्षांनी ज्यू मुलांसाठी मात्र त्यांनीच सही केली. ती सही योग्यच होती. आधीचा नकार चुकीचा होता.

आता तिकडे भारतात यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) उच्च शिक्षणसंस्थांतला जातीभेद रोखण्यासाठीच्या समता नियमांवरून तेच चाललंय. जानेवारी २०२६मध्ये नियम आले, भाषा संदिग्ध म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. भाषा जरूर सुधारा. पण जातीय छळाच्या आरोपांनंतर आत्महत्या केलेल्या रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी या विद्यार्थ्यांच्या आया २०१९मध्ये न्यायालयात गेल्या, तेव्हा २०१२चे नियम होतेच की! कागदावर. तक्रार कोणाकडे करायची, किती दिवसांत उत्तर मिळणार आणि ते न देणाऱ्या कुलगुरूंचं काय होणार, हे नव्या मसुद्यात स्पष्ट लिहा, आणि जातीचं नाव गाळू नका.