अब्रू जपा, सेक्रेटरींची

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "टँकरची बिलं दाखवा" असं लिहायची हुक्की आली तर आधी हे वाचा. ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहत असाल तर दोनदा वाचा.

आधी आमदार व्हा. सभागृहात काहीही बोललात तरी कोर्टात खेचता येत नाही, घटनेच्या कलम 194 ची कृपा. क्लब हाऊसमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला ते कलम लागू नाही.

प्रश्नचिन्ह टाळा. मी टाकलं. "पाणी रोज येत होतं, मग मार्चमध्ये एवढे टँकर कसे?" बस्स, एवढंच. उत्तरादाखल सेक्रेटरींच्या वकिलाचं लेटरहेड आलं: आमच्या अशिलांची समाजातली प्रतिमा मलिन झाली, बिनशर्त माफी मागा, नाहीतर पन्नास लाख. वर कलम कुठलं, तर अब्रुनुकसानीचं 499! भारतीय दंड संहिता 1 जुलै 2024 लाच गेली, आता भारतीय न्याय संहितेचं 356 आहे, हे वकीलसाहेबांना कळवायचं कुणी? त्या 356 मध्ये दहा अपवाद आहेत. लोकहितासाठी खरं सांगणं, अधिकाऱ्याकडे सद्भावनेनं तक्रार करणं, आपलं हित जपायला सद्भावनेनं बोलणं, हे सगळं त्यात बसतं. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, लोकहितही दाखवावं लागतं. दिवाणीत खरं असलं की पुरे. नोटिशीत यातलं अवाक्षर नाही. कसं असेल? घाबरवायचं असतं ना!

इमोजी टाकताना वकील शेजारी असावा.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि आता सामुदायिक सेवाही. मला ती द्या. टँकरचं रजिस्टर तपासतो, फुकट.

तक्रार करायचीच तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे लेखी करा, पोच घ्या.

आणि काय हो सेक्रेटरी, वकिलाची फी कुठल्या खात्यातून गेली? सोसायटीच्या? म्हणजे माझ्याच मेंटेनन्समधून मला नोटीस? बिलं खरी असतील तर फाईल टेबलावर आपटा आणि मला खोटं पाडा. दोन मिनिटांचं काम आहे, त्याला पन्नास लाख कशाला?

आणि तुम्ही, लिफ्टमध्ये "बरं झालं बोललात" म्हणून पुटपुटणारे आणि ग्रुपवर त्याच सेक्रेटरीला हात जोडणारे! एकानं तरी लिहायचं होतं, "मलाही बिलं बघायची आहेत." अख्ख्या विंगला नोटिसा धाडायची कुणाची छाती नाही. 30 सप्टेंबरच्या आत एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, घ्यावीच लागते. तिथे वडापाव खाऊन सही करून पळालात तर पुढच्या मेंटेनन्सवाढीबद्दल माझ्याकडे रडत येऊ नका.