‘संसदेने निवडलं म्हणजे जनतेनेच निवडलं’ यावर माझं उत्तर

महोदय,

२०२२ मध्ये गोटाबाया राजपक्षेंनी अध्यक्षपद सोडल्यावर श्रीलंकेच्या संसदेने रानिल विक्रमसिंघेंना अध्यक्ष निवडलं. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “संसदेने निवडलं म्हणजे जनतेनेच निवडलं. आपले राष्ट्रपतीही असेच निवडले जातात. एवढं साधं लेखकाला कळू नये?” मतभेद जरूर असावेत, पण त्यासाठी माणसाची अक्कल काढायची काय गरज होती? मी तुम्हाला कधी एका शब्दाने दुखावलेलं नाही.

मुदतीआधी पद रिकामं झालं तर उरलेल्या काळासाठी संसदेने अध्यक्ष निवडावा, असं तिथल्या घटनेचं ४० वं कलम सांगतं, हे मान्य. २० जुलै २०२२ चं गुप्त मतदान नियमानुसारच झालं, हेही मान्य.

पण ‘जनतेनेच’? कुठल्या जनतेने? २०२० च्या संसदीय निवडणुकीत रानिल विक्रमसिंघे स्वतः कोलंबोत पडले. त्यांच्या पक्षाला देशभरात मिळून राष्ट्रीय यादीतली, म्हणजे देशभरातल्या मतांच्या प्रमाणात पक्षाला दिली जाणारी, एकच जागा मिळाली. तिच्यावर ते २०२१ मध्ये संसदेत आले. मग त्यांना १३४ मतं दिली कोणी? मुख्यतः राजपक्षेंच्याच पक्षाच्या खासदारांनी. ज्या घराण्याविरुद्ध लोक ९ जुलैला अध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले, त्याच्याच खासदारांनी अकरा दिवसांत वारस ठरवला. त्या खासदारांना लोकांनी मत दिलं होतं, पण ते रासायनिक खतांवरच्या बंदीच्या आणि पेट्रोलच्या रांगांच्या आधी.

आणि आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. तिथला अध्यक्ष स्वतःच मंत्रिमंडळाचा प्रमुख असतो. ही तुलना करताना तुम्ही घटना उघडून तरी पाहिली होती का?

मी तेव्हा नोकरीनिमित्त कोलंबोत राहत होतो. गॅसच्या रांगेत उभा राहिलोय, शेजाऱ्यांबरोबर गॉल फेसवर, आंदोलकांच्या ठिय्यावर, गेलोय. त्यातल्या कित्येकांनी २०१९ मध्ये गोटाबायांनाच मत दिलं होतं. त्यांना आपली चूक आपल्याच मताने दुरुस्त करायची होती, दुसऱ्या कोणाच्या मताने नव्हे. नव्या अध्यक्षांनी २१ जुलैला शपथ घेतली आणि २२ च्या पहाटे लष्कराने आंदोलकांचे तंबू उखडले. तुम्ही हे बातमीत वाचलं असेल. त्या तंबूंमध्ये माझ्या ओळखीची माणसं होती. तेव्हा मला जनता शिकवू नका.

नाणेनिधीचं कर्ज, सावरलेला रुपया, संपलेल्या रांगा, हे बाकीचं तुम्ही लिहिलंत त्यावर इथे बोलत नाही. तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता.

एवढंच सांगा. जनतेनेच निवडलं होतं, तर २०२३ च्या मार्चमधल्या स्थानिक निवडणुका पैसे नाहीत म्हणून का टाळल्या? पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला मूलभूत हक्कांचं उल्लंघन ठरवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये लोकांना थेट विचारलं गेलं, तेव्हा विक्रमसिंघे सुमारे १७ टक्के मतांवर तिसरे आले. आणि संसदेत ज्यांना फक्त ३ मतं पडली होती, ते अनुरा कुमारा दिसानायके अध्यक्ष झाले. तुमच्या वाक्यात हे कसं बसतं, ते लिहा. मी वाचेन, फक्त सूर सांभाळून लिहा.