समुईच्या वाटेवर तापी

यंदाच्या गणपतीत, आरतीनंतर मोदकांची दुसरी फेरी चालू असताना, या दिवाळीत थायलंडच्या एखाद्या बेटावर जावे असा प्रस्ताव पत्नीने मांडला आणि तो आवाजी मतदानाने मंजूर झाला. विरोध फक्त माझा होता, परंतु माझ्या तोंडात मोदक असल्यामुळे त्याची नोंद झाली नाही. नियोजनाची जबाबदारी मात्र त्याच बैठकीत माझ्यावर आली, कारण मी कारखान्याच्या नियोजन खात्यात आहे. तेथे मी नटबोल्टांच्या साठ्याचे नियोजन करतो आणि नटबोल्टांना स्वतःची मते नसतात, हा फरक कोणी लक्षात घेतला नाही.

पहिला प्रश्न बेट निवडण्याचा होता. फुकेतचे नाव पत्नीने ताबडतोब खोडले, कारण आमच्या सोसायटीतील तीन कुटुंबे तेथे जाऊन आली आहेत आणि त्यांची छायाचित्रे पाहण्यात आमचे तीन रविवार गेलेले आहेत. आईला मात्र फुकेतविषयी एकाएकी ओढ वाटू लागली. तेथे दरवर्षी नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव असतो, तो बहुधा आपल्या नवरात्राच्याच सुमारास येतो आणि त्यात कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य असतो, हे मीच तिला कौतुकाने वाचून दाखवले होते. ‘म्हणजे अगदी आपल्या चातुर्मासासारखे,’ असे म्हणून तिने चष्मा लावला आणि माझा फोन हातात घेतला. पुढच्याच छायाचित्रात एका भक्ताच्या दोन्ही गालांतून सळई आरपार गेलेली होती. आईने फोन पालथा ठेवला आणि फुकेत दुसऱ्यांदा बाद झाले.

मग ठरले को समुई. ‘को’ म्हणजेच बेट, तेव्हा ‘को समुई बेट’ म्हणणे चूक आहे, असे मुलीने मला ऐकवले. विंध्याचल पर्वत म्हणत मोठ्या झालेल्या माझ्या पिढीला तिने एवढे बोलायला नको होते. हे बेट थायलंडच्या आखातात आहे, नारळांसाठी प्रसिद्ध आहे, तेथे सुमारे बारा मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे, आणि ‘हिन ता’ व ‘हिन याई’ म्हणजे आजोबा आणि आजी या नावाचे दोन खडकही आहेत. मुलाच्या लग्नाची बोलणी करायला निघालेले एक म्हातारे जोडपे वादळात बुडाले आणि त्यांचे हे खडक झाले, अशी कथा सांगतात. ती ऐकून आईचे डोळे पाणावले. या पुण्यवान जोडप्याचे दर्शन पहिल्याच दिवशी घ्यायचे, असे तिने जाहीर केले. त्यानंतर मी त्या खडकांची छायाचित्रे पाहिली. त्यांचे आकार कशासारखे आहेत हे येथे लिहिणे मला शक्य नाही, आणि आईला सांगणे तर त्याहून नाही. कार्यक्रमपत्रिकेत ते दर्शन अजून आहे. त्या दिवशी माझे पोट बिघडणार आहे, एवढे मी ठरवले आहे.

खरी आपत्ती यानंतर आली. आपल्याकडचा पाऊस परत फिरला की जग कोरडे होते, अशी माझी समजूत होती. फुकेतच्या बाजूला पाऊस साधारणपणे आपल्यासारखाच मे ते ऑक्टोबर पडतो. परंतु समुई पलीकडच्या किनाऱ्याला असल्यामुळे ईशान्येकडून येणारे वारे आखातावरचे बाष्प उचलतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात त्या बेटावर रिते करतात. सर्वांत अधिक पाऊस नोव्हेंबरात, म्हणजे नेमका आमच्या दिवाळीच्या सुट्टीत. मे महिन्याचा पर्याय मी सुचवला, पण मुलीचे दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होणार असल्याने माझ्याकडे सर्वांनी, एखाद्या बेजबाबदार पित्याकडे पाहावे तसे पाहिले. अखेर प्रजासत्ताक दिनाला लागून रजा काढण्याचे ठरले. आईला हे फारच सोयीचे वाटले, कारण संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या आठ-दहा दिवस सहज टिकतात आणि तेथील बहुतेक पदार्थांत माशांपासून केलेले ‘नाम प्ला’ नावाचे पाणी पडते, याची खबर तिला तोवर लागलेली होती. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेले असेल तेथे शुद्ध शाकाहार मिळतो, हे मी तिला समजावले. ‘ते अक्षर तुला वाचता येते का?’ असे तिने विचारले आणि पोळ्यांचा आकडा चाळीसवरून साठवर नेला.

राहिला मार्ग. समुईचा विमानतळ १९८९ साली एका विमान कंपनीने स्वतः बांधला, आजही तो तिच्याच मालकीचा आहे, आणि तिकिटाचे दर पाहताना ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. स्वस्त मार्ग असा की, बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेने सुरत थानी, तेथून बसने डोनसाकचा धक्का, आणि तेथून फेरीबोट.

‘सुरत?’ माझे सासरे अण्णा प्रथमच बोलले. ते भुसावळचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, आणि तोपर्यंत या सहलीकडे त्यांनी सामानाबरोबर नेली जाणारी वस्तू याच भूमिकेतून पाहिले होते. मी शोधले तर खरोखरच थायलंडचा राजा वजिरावुध याने १९१५ साली त्या गावाला आपल्या सुरतेवरून हे नाव दिले होते. मूळ शब्द सुराष्ट्र, आणि थानी म्हणजे आपल्या राजधानीतली धानी. मराठी माणसाने सुरतेला याआधी जे दोन दौरे काढले, १६६४ आणि १६७० साली, त्यांचे नियोजन माझ्यापेक्षा पुष्कळच चांगले होते, हे मनातल्या मनात मान्य करून मी पुढे वाचले. सुरत तेथे नदीही त्याच नावाची हवी, म्हणून त्या गावच्या नदीचे नाव तापी ठेवले गेले.

अण्णा खुर्चीतून उठले. ‘आमची तापी?’

त्या दिवसापासून सहल अण्णांची झाली आहे. विमानाचा विषय काढण्याची आता कोणाची छाती नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत तापीच्या पुलावर गाडी आली की त्यांनी पात्रात नाणे टाकले आहे, आणि शेजाऱ्यांनी फुकेतहून आणलेले एक बाथचे नाणे ते मागून घेऊन आले आहेत. पूल स्टेशनच्या आधी येतो की नंतर, तेव्हा उजाडलेले असते का, गाडीचा वेग किती असतो, असे प्रश्न ते मला रोज कार्यालयात फोन करून विचारतात. काल रात्री त्यांनी मला गॅलरीत बोलावून घेतले.

‘जावईबापू, वातानुकूलित डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. मग नाणे टाकायचे कुठून?’

पंख्याचा डबा पाहावा लागेल, असे मी म्हणालो. तो बारा तासांचा प्रवास आहे आणि पत्नीने वातानुकूलित डब्याची अट पहिल्याच दिवशी घातलेली आहे, हे दोघांनाही ठाऊक होते. आज सकाळी पूजेला बसलो, तर ते नाणे देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवलेले होते.