हॅलोविनच्या गोळ्यांत विष नसतं, आणि हा सण अमेरिकेतून आलेला नाही

ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ऑक्टोबर उजाडला की एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो लेस्टरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचला आणि तिने मुलांना ३१ तारखेला घराबाहेर सोडायचंच नाही असं ठरवून टाकलं. मेसेजचा सारांश असा: हॅलोविन (३१ ऑक्टोबरच्या रात्री मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात तो सण) हे सुपरमार्केटांनी ऐंशीच्या दशकात अमेरिकेतून आणलेलं खूळ आहे, मुळात ती आपल्या सर्वपित्री अमावास्येची नक्कल आहे, दारोदार मिळणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांत विष, ब्लेड आणि ड्रग्ज असतात, म्हणून सगळं फेकून द्या, इंग्रज मुलांचे खरे शरद ऋतूतले खेळ सरकारने ‘हेल्थ अँड सेफ्टी’च्या नावाखाली बंद केले, आणि शेवटी, कोरून आत दिवा लावलेला भोपळा नंतर कचऱ्यात न टाकता जंगलात ठेवा, मुक्या जिवांच्या पोटात जाईल. यातल्या एका मुद्द्यात अर्धं सत्य आहे. बाकी जवळजवळ सगळं चूक आहे आणि दोन मुद्दे सरळ घातक आहेत.

‘अमेरिकेचं खूळ’

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८५ साली हॅलोविनवरच एक दीर्घ कविता लिहिली आणि त्या रात्रीचे रिवाज टिपा देऊन समजावले. डोळे मिटून केलचं (कोबीच्या जातीतल्या पालेभाजीचं) रोप उपटायचं; दांडा सरळ की वाकडा यावरून जोडीदाराचा बांधा, मुळाला चिकटलेल्या मातीवरून हुंडा आणि दांड्याच्या चवीवरून स्वभाव ओळखायचा. दोन कठीण कवचाची फळं एका जोडप्याच्या नावाने विस्तवात ठेवायची. शेजारी शांत जळली तर जमलं, एखादं फुटून उडालं तर बिनसलं. हे सगळं एअरशरच्या शेतकऱ्यांच्या घरांत चालत होतं, म्हणजे सुपरमार्केटांच्या कितीतरी आधी.

मुलांचा भाग म्हणजे ‘गायझिंग’. स्कॉटलंडमध्ये मुलं तोंडाला काजळी फासून, मोठ्यांचे जुने कपडे चढवून दारोदार जात, पण नुसता हात पुढे करून काही मिळत नसे. गाणं, कविता किंवा विनोद सादर केला की मग सफरचंद, सुटे पैसे आणि भुईमुगाच्या शेंगा झोळीत पडत. घरी पाण्याच्या टबात सफरचंदं तरंगत ठेवून हात मागे बांधून ती दातांनी पकडायची. सोपा प्रकार हवा असेल तर खुर्चीवर उलटं गुडघे टेकून, दातांत धरलेला जेवणाचा काटा (फोर्क) वरून सफरचंदावर सोडायचा.

कंदील भोपळ्याचा नव्हे, स्वीडचा असे. सलगमच्या जातीतला हा पिवळट गराचा, दगडासारखा कठीण कंद. वरची चकती कापायची, आतल्या गरावर सुरीने चौकटी पाडायच्या आणि धातूच्या चमच्याने खरवडत जायचं. भिंत साधारण दीड सेंटिमीटर राहिली की थांबायचं. जाड राहिली तर उजेड बाहेर दिसत नाही, पातळ झाली तर तोंड कापताना चिरते. झाकणाला धूर जायला भोक पाडलं नाही तर मेणबत्ती विझते आणि झाकण करपून तो उग्र वास सुटतो, जो जुन्या स्कॉटिश लोकांच्या अजून नाकात आहे. लहान मुलाला याला तास दीड तास सहज लागतो. भोपळा मुळात आतून पोकळ, गर मऊ, वीस मिनिटांत काम होतं. त्याने स्वीडला मागे टाकलं याचं मोठं कारण हेच. इंग्लंडमध्येही सॉमरसेटच्या हिंटन सेंट जॉर्ज गावात ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी मुलं ‘पंकी नाइट’ला कंदांचे कंदील घेऊन मिरवतात. चेशरमध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांसाठी प्रार्थनेच्या बदल्यात ‘सोल केक’ मागत फिरायची पद्धत होती.

आता ते अर्धं सत्य. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने देशभरातल्या सुमारे ५,००० शाळकरी मुलांकडून त्यांचे खेळ, गाणी आणि रिवाज गोळा केले आणि १९५९ साली ते प्रसिद्ध केले. या विषयावर इतकं भरवशाचं दुसरं काम नाही. त्यांनी एक रेषाच आखून दाखवली: हंबर नदीच्या मुखापासून वेल्सच्या सीमेवरच्या नाइटनपर्यंत आणि तिथून खाली दक्षिणेकडे. रेषेच्या उत्तरेला आणि पश्चिमेला मुलं हॅलोविन दणक्यात साजरा करत. दक्षिण-पूर्वेला मात्र तो जवळजवळ नव्हताच. तिथला मोठा दिवस ५ नोव्हेंबर, शेकोट्यांचा आणि फटाक्यांचा. लंडन, स्लाव, लेस्टर ही गावं याच दक्षिण-पूर्व भागात पडतात. तेव्हा तिथले सत्तरीतले शेजारी ‘आमच्या लहानपणी हे असलं काही नव्हतं’ म्हणतात ते खोटं नाही, आणि ‘ट्रिक ऑर ट्रीट’ (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) हे शब्द तिथे अमेरिकेतूनच आले. पण ती गोष्ट इंग्लंडच्या एका कोपऱ्याची झाली, ब्रिटनची नव्हे. खोड्या काढणंही आयात केलेलं नाही: यॉर्कशरमध्ये ४ नोव्हेंबरच्या ‘मिस्चिफ नाइट’ला दाराच्या कड्यांना काकवी फासणं आणि फाटकं उचलून पळवणं हा मुलांचा हक्कच मानला जाई.

‘सर्वपित्रीची नक्कल’

यावर फार वेळ घालवणार नाही. हॅलोविन ही १ नोव्हेंबरच्या ख्रिस्ती सणाची आदली रात्र. हा सर्व संतांचा दिवस पश्चिम युरोपात नवव्या शतकात रुळला, २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठातून अकराव्या शतकाच्या आसपास पसरला. इंग्रजांना भारतात आणणारी ईस्ट इंडिया कंपनी १६०० सालची, मग नक्कल केली कधी? पूर्वजांची आठवण काढायला कुणाला कुणाची नक्कल करावी लागत नाही.

‘गोळ्यांत विष आणि ब्लेड’

हा मुद्दा सगळ्यात जास्त पसरतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून यावर थांबू.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या अमेरिकी बातम्या तपासल्या, आणि दरवर्षी त्यात भर घालत गेले. अनोळखी माणसाने हॅलोविनला वाटलेल्या खाऊमुळे मूल मेलं किंवा गंभीर जखमी झालं, अशी एकही सिद्ध झालेली घटना त्यांना मिळाली नाही. टाचणी-ब्लेडच्या बहुतेक बातम्या चौकशीत बनाव निघाल्या, त्यातही अनेकदा मुलांनीच केलेले. मेसेजमध्ये ज्या ‘टेक्ससच्या मुलाचा’ उल्लेख आहे ते प्रकरण १९७४ चं आणि खरं आहे, पण सायनाइड देणारा मुलाचा सख्खा बाप होता आणि त्याला विम्याचे पैसे हवे होते. शेजाऱ्यांवर संशय घ्यायला तो पुरावा होऊच शकत नाही. ही सगळी भीती ज्या देशात जन्मली तिथेच ती खरी ठरली नाही. ब्रिटनमध्ये ती निव्वळ फॉरवर्ड होऊन आली आहे.

ड्रग्जबद्दल एवढं मान्य करावं लागेल की नेहमीच्या गोळ्यांसारखी दिसणारी गांजाची पाकिटं ब्रिटनमध्ये विकली जातात आणि पोलिसांनी त्याबद्दल इशारे दिले आहेत. पाकिटावर ‘टीएचसी’ (गांजातलं नशा आणणारं द्रव्य), मिलिग्रॅमचा आकडा किंवा गांजाचं पान दिसलं तर ते मुलाच्या हाती देऊ नका. पण महागडा माल अनोळखी पोरांच्या पिशवीत फुकट टाकणारा विक्रेता असतो, हे कुणी पटवून देऊ शकत नाही.

पिशवी तपासायची ती वेगळ्याच गोष्टींसाठी. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे-बदाम, कडक गोळ्या आणि पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतात. ॲलर्जी असेल तर मोठ्या पिशवीतून काढलेल्या छोट्या पाकिटांवर घटकांची यादी बरेचदा नसते. यादी नसेल ते बाजूला काढा. आणि घरी शाकाहार पाळत असाल तर मऊ, ताणल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये बहुधा जिलेटिन असतं, तेही डुकराचं किंवा गाईचं.

खरा धोका कपड्यांत आहे आणि मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही. चेटकिणीचा झगा किंवा वटवाघळाचे पंख हे ब्रिटिश नियमांत खेळणं मानलं जातं. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना लागू असलेले आगीचे नियम त्याला लागू होत नाहीत. खेळण्यांच्या मानकात ज्योत सेकंदाला ३० मिलिमीटरपर्यंत पसरलेली चालते. १० च्या वर गेली तर ‘आगीपासून दूर ठेवा’ असं लेबल लावायचं, इतकंच. म्हणजे सर्वात वाईट, पण पूर्ण कायदेशीर झग्याला खालून ज्योत लागली तर दहा सेकंदांत ३० सेंटिमीटर. आता असा लांब, सैल, जाळीदार नायलॉनचा झगा घातलेलं सहा वर्षांचं मूल पायरीवर ठेवलेल्या पेटत्या भोपळ्याला वळसा घालून बेल दाबतंय, हे डोळ्यांसमोर आणा. म्हणून भोपळ्यात बॅटरीचा दिवा ठेवा. झग्याच्या आत सुती किंवा लोकरीचे अंगाबरोबर बसणारे कपडे घाला, कडा घोट्याच्या वर घ्या. पेट घेतलाच तर मुलाला पळू देऊ नका, आडवं पाडून लोळवा. भाजलेल्या जागी किमान २० मिनिटं नळाचं गार पाणी सोडा. टूथपेस्ट, तूप, बर्फ काहीही लावू नका, कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका, आणि ९९९ ला फोन करा.

दुसरा धोका अंधाराचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि ३१ तारखेला लंडनमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. काळे कपडे, डोळ्यांवर सरकणारा मुखवटा आणि कामावरून घरी निघालेल्या गाड्या एकाच वेळी रस्त्यावर असतात. मुखवट्याऐवजी चेहरा रंगवा, पाठीला चकाकणारी पट्टी लावा.

‘जुने खेळ सरकारने बंद केले’

कॉंकर्सवर कोणतीही सरकारी बंदी नाही, कधीच नव्हती. हॉर्स चेस्टनट या झाडाच्या बीला (तिलाच कॉंकर म्हणतात) सळईने आरपार भोक पाडायचं, दोरी ओवून गाठ मारायची आणि आळीपाळीने तीन-तीन फटके मारून समोरच्याची बी फोडायची, असा हा खेळ. २००४ साली कम्ब्रियातल्या एका शाळेने मुलांना खेळताना गॉगल दिले आणि तिथून ‘बंदी’ची बातमी फुगत गेली. कामाच्या ठिकाणची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी खात्याने हा गैरसमज स्वतःच खोडून काढला, आणि २००९ मध्ये तर सुरक्षा अधिकाऱ्यांच्या संस्थेने नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या जागतिक कॉंकर स्पर्धेला पैसे दिले. काही शाळांनी आपणहून खेळ थांबवला हे खरं. झाडांनाही त्रास आहे: पान पोखरणारी एक बारीक अळी २००२ मध्ये विम्बल्डनला सापडली आणि आता ऑगस्टमध्येच पानं तपकिरी पडतात. मुलांना बिया वेचायला जरूर न्या, फक्त कॉंकर खायचा नसतो हे सांगा. त्याच्या हिरव्या कवचाला विरळ, आखूड काटे असतात आणि बी गुळगुळीत, गोलसर. खायच्या चेस्टनटचं कवच दाट सुयांचं आणि बीला टोक असतं.

‘पेनी फॉर द गाय’ मात्र कायद्यामुळेच संपत आलं, हे मान्य. ‘गाय’ म्हणजे ५ नोव्हेंबरच्या शेकोटीत जाळायचा बाहुला. जुन्या पँट-कोटात वर्तमानपत्रं कोंबून बनवलेला हा बाहुला ढकलत मुलं फटाक्यांसाठी पैसे मागत. फटाके विकत घ्यायचं वय १९७६ च्या कायद्याने १३ वरून १६ आणि १९९७ च्या नियमांनी १८ झालं. मग त्या पैशांचं मुलांनी करायचं काय? पण ते भाजलेल्या हातांमुळे आणि गेलेल्या डोळ्यांमुळे झालं, परंपरा मारायला नव्हे. फटाके बंदही नाहीत. इंग्लंडमध्ये रात्री ११ ची मर्यादा ५ नोव्हेंबरला १२ पर्यंत वाढते आणि दिवाळीला १ पर्यंत.

‘भोपळा जंगलात ठेवा’

कृपा करून ठेवू नका. ब्रिटनमधल्या वनसंस्था दरवर्षी हे सांगून थकल्या आहेत. शीतनिद्रेच्या तोंडावर असलेल्या हेजहॉगने (अंगभर काटे असलेला छोटा प्राणी) भोपळा भरपूर खाल्ला तर त्याला जुलाब होतात आणि अंगातलं पाणी जातं. कुजणाऱ्या ढिगातून बुरशी पसरते ती वेगळीच. मेण काढून, तुकडे करून कंपोस्टमध्ये किंवा कौन्सिलच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका. कोरताना निघालेला ताजा गर घारग्यांना चालतो, पण कोरायचा भोपळा पाणचट असतो. किसून घट्ट पिळा आणि गुळाबरोबर नेहमीपेक्षा जास्त आटवा, नाहीतर पीठ वाढत जातं आणि घारगे चिवट होतात. हेजहॉगला काही द्यायचंच असेल तर उथळ ताटलीत पाणी आणि मांसाचं कॅटफूड ठेवा. आणि ५ नोव्हेंबरला बागेत शेकोटी करणार असाल तर लाकडं त्याच दिवशी रचा, किंवा आधी रचलेला ढीग पेटवण्यापूर्वी जागा बदलून पुन्हा रचा, कारण हेजहॉग नेमके त्यातच शिरून झोपतात.