पदवीची अट आणि बसचालकाचा मुलगा

सोलापूर महापालिकेच्या निवडणुकीचा विषय निघाला की उमेदवारांच्या शपथपत्रांतील शिक्षणाच्या रकान्यावरून टिंगल सुरू होते, आणि नगरसेवकाला किमान पदवीची अट असावी, महापौर तर उच्चशिक्षितच हवा, असे आमची शिकलेली मंडळी हिरिरीने मांडतात. लंडनमध्ये राहून हे ऐकताना मला येथील महापौर सादिक खान यांचे बालपण आठवते, पण ते या मागणीच्या बाजूने नव्हे.

खान यांचा जन्म 1970 चा, दक्षिण लंडनमधील टूटिंगचा. आईवडील दोनच वर्षांपूर्वी पाकिस्तानातून आलेले. वडील बस चालवीत, आई शिवणकाम करी, आणि आठ भावंडांचे हे कुटुंब पालिकेच्या भाड्याच्या घरात राही. दंतवैद्य होऊ पाहणाऱ्या या वाद घालण्यात तरबेज मुलाला शाळेतल्या एका शिक्षकाने कायद्याकडे वळवले आणि नॉर्थ लंडन विद्यापीठातून तो कायद्याचा पदवीधर झाला. ही कहाणी त्यांनी महापौरपदाच्या 2016 च्या प्रचारात इतक्यांदा सांगितली की 'बसचालकाचा मुलगा' हा येथे थट्टेचाच विषय झाला. तरीही तिच्यातला महत्त्वाचा भाग ऐकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: शाळा सरकारी होती, आणि विद्यापीठाच्या शिक्षणाला त्या काळी विद्यार्थ्याला शुल्क पडत नसे, ते 1998 पासून सुरू झाले.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात आई घरी विड्या वळते आणि वडील यंत्रमागावर पाळी करतात, अशा घरातल्या मुलाचे कॉलेज अर्धवट सुटते ते बहुधा पैशापायी. पदवीची अट घातली तर पहिल्यांदा तोच बाद होईल. सुशीलकुमार शिंदे न्यायालयात नोकरी करीत शिकलेच की, असे यावर सांगितले जाते. पण एका असामान्य माणसाच्या जिद्दीवरून सगळ्यांसाठी नियम ठरवणे मला पटत नाही.

शिवाय महापौराच्या हाती असते काय? लंडनचा महापौर मतदार थेट निवडतात आणि शहराची बससेवा त्याच्या अखत्यारीत येते. म्हणूनच खान यांना 2016 मध्ये एका तासाच्या आत बदललेल्या दुसऱ्या बसचे भाडे माफ करता आले, आणि त्याचा लाभ दोन बस बदलून कामावर जाणाऱ्यांना झाला. सोलापूरचा महापौर आरक्षणाच्या सोडतीनंतर नगरसेवकांतून अडीच वर्षांसाठी निवडला जातो आणि कार्यकारी अधिकार आयुक्तांकडेच राहतात. मार्च 2022 मध्ये मुदत संपून प्रशासक आले तेव्हा शहराला महापौरच उरला नाही. नळाला पाणी मात्र पूर्वीसारखेच काही दिवसांआड येत राहिले.

शिक्षणावर उमेदवाराला घेरायचेच असेल, तर महापालिकेच्या मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमांच्या शाळांसाठी तो काय करणार आहे आणि स्वतःची मुले तेथे घालणार का, हे त्याला विचारावे.