गोळी गिळली म्हणजे अंगी लागली असं नसतं

"तुम्ही गोळ्या नीट घेतच नसणार, नाहीतर हिमोग्लोबिन वाढलं नसतं का?" मागे एका बाईंनी माझ्या मावशीला चारचौघांत हे सुनावलं. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

मावशीने एकही गोळी चुकवलेली नाही. कित्येक महिने रोज सकाळी लोहाची गोळी, तिच्याच जोडीला कॅल्शियमची, आणि दोन्ही चहाबरोबर. का, तर तेवढीच वेळ हमखास लक्षात राहते. आता चहातली टॅनिन नावाची तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि कॅल्शियमही त्याच्या शोषणात आडवं येतं. म्हणजे बाई इमानेइतबारे गोळी घेतेय आणि त्यातलं बरंचसं लोह पोटातून नुसतं प्रवास करून बाहेर पडतंय! हे तिला सांगितलं कुणी? कुणीच नाही. चिठ्ठीवर फक्त 1-0-0.

डॉक्टरांना एका पेशंटमागे फार वेळ नसतो, मान्य. पण "चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चालेल" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? क जीवनसत्त्वाने हेच लोह जास्त शोषलं जातं.

बरं, गोळ्या वाढवल्या की काम झालं, असंही नाही. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे जवळपास नाहीच, म्हणून ते आत घेतानाच हात आखडतं. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि साधारण दिवसभर आतड्याचं दार किलकिलंच राहतं. म्हणूनच हल्ली काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. मावशीला मात्र घरातल्याच एका शहाण्याने "दोन-दोन घे" असा सल्ला दिला होता. बद्धकोष्ठ झालं, दुसरं काही नाही.

आणि ते "पालक खा, सगळं मिळतं" म्हणणारे! पालकातलं कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झलेट नावाच्या द्रव्यामुळे जेमतेम 5 टक्के शोषलं जातं, दुधातलं 30च्या आसपास. क जीवनसत्त्वाच्या 1000 मिलिग्रॅमच्या गोळ्या मिरवणाऱ्यांचं जवळपास निम्मं तर शोषलंच जात नाही. पण ऐकतंय कोण?

नुसता चहा लांब केला की सगळ्यांचं हिमोग्लोबिन वाढेल, असं मी म्हणत नाही. कुठे रक्तस्राव होतोय का, आतड्याचा काही आजार आहे का, हे बघावंच लागतं. रक्तासाठी लागणाऱ्या बी-12 जीवनसत्त्वाचं तर आणखी वेगळं: त्याला जठरात तयार होणारं एक प्रथिन सोबतीला लागतं, तेव्हा कुठे ते लहान आतड्याच्या पार शेवटच्या टोकाला शोषलं जातं. ते प्रथिनच कमी पडलं तर माणसाने कितीही चांगलं खाल्लं तरी कमतरता राहते. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनाही हा त्रास होऊ शकतो. यात त्या माणसाचा काय दोष?

मावशीने मला हळूच विचारलं होतं, "म्हणजे माझंच चुकलं का गं?" तेव्हा गलबलून आलं. नाही गं बाई, तुझं काहीच चुकलं नाही. वेळा बदलल्यावर पुढच्या तपासणीत आकडा थोडा वर सरकला. थोडाच, पण सरकला.

आणि हो, थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनो, लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून किमान 4 तास लांब ठेवा. तुम्हालाही हे कुणी सांगितलं नसणार.